नखभर दुखणं

बुटाच्या आत काय चाललंय ते बाहेरून कुणाला दिसत नाही. म्हणूनच अंगठ्यात रुतलेलं नख आपण महिनोन् महिने खपवून घेतो. मी तीन महिने खपवलं. ते शेवटी बाहेर निघालं ते थेट सातपुड्यात, मोलगीला!

मोलगीच्या भोंगऱ्या बाजारात ढोलांचा असा काही कल्लोळ चालला होता की शेजारचा माणूस काय बोलतोय ते ऐकू येऊ नये. होळीच्या आधीच्या दिवसांतला हा बाजार. गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगण, घुंगरांचे ढीग आणि डोंगरातल्या पाड्यापाड्यांवरून आलेली माणसं. आख्खा सातपुडा जणू एका रस्त्यावर उतरला होता. आणि मी? मी एका जीपच्या बॉनेटला टेकून, उजव्या पायावरचा भार डाव्या पायावर कसा न्यावा या चिंतेत उभी होते. माझ्या फोटोग्राफर मित्राने तोवर दोनेकशे फ्रेम्स काढल्या होत्या. माझ्या डायरीत एक ओळ होती. तीही अर्धी.

मार्च २०२५ मधली गोष्ट. काठीच्या राजवाडी होळीवर फीचर करायचं म्हणून आम्ही दोघं निघालो होतो. नंदुरबारला ट्रेनने उतरायचं, तिथून अक्कलकुवा आणि मग देवगोई घाट चढून वर मोलगी. काठी तिथून जवळच. मी पॅकिंगची यादी करण्यात तशी एक्स्पर्ट. पॉवर बँक, सनस्क्रीन, ओआरएस, सगळं घेतलं होतं. पायात मात्र तेच बूट, ज्यांनी डिसेंबरपासून माझं जगणं मुश्कील केलं होतं. घाटातल्या वळणांवर जीपमध्ये मी हळूच लेस सोडली, मग टाच बाहेर काढली आणि मोलगी येईपर्यंत उजवा बूट मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या आजींनी एकदा बुटाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. त्यांच्या पायात काहीच नव्हतं.

आता हे सुरू कसं झालं ते सांगते, कारण तुमच्यापैकी निम्म्या जणींची स्टोरी हीच असणार. (आणि मुलग्यांनो, हसू नका. हे दुखणं तरुण पोरांमध्येही भरपूर दिसतं. फुटबॉलचे स्टड्स, फॉर्मल शूज आणि आठवडाभर न बदललेले मोजे ही त्यामागची थोर परंपरा.)

डिसेंबरमध्ये एका कॉर्पोरेट क्लायंटचं काम मिळालं. मीटिंग्ज, प्रेझेंटेशन्स, काचेच्या बिल्डिंगा. कोल्हापुरी घालून तिथे जायचं धाडस होईना. सेलमध्ये काळे पॉइंटेड शूज दिसले. माझा नंबर नव्हता, एक नंबर लहान होता. ‘लेदर आहे, सैल होईल’ हे वाक्य दुकानदाराने म्हणायच्या आत मीच म्हणून टाकलं. मग ‘नव्या शूजना शोभेल असे पाय हवेत’ म्हणून पेडिक्युअर. पार्लरमधली मुलगी मनापासून काम करणारी. ‘मॅडम, कॉर्नर्स डीप क्लीन करून देते हं’ म्हणाली आणि तिने अंगठ्याच्या नखाचे दोन्ही कोपरे आतपर्यंत कोरून गोल करून दिले. पाय इतके देखणे दिसत होते की मी फोटो काढून स्टेटसला ठेवला.

दोन आठवड्यांनी टोचायला लागलं. मी नेलकटर घेतलं आणि टोचणारा कोपरा आणखी आतून कापला. काय सांगू, स्वर्गसुख! आठ दिवस. नवव्या दिवशी पुन्हा टोचलं, या वेळी थोडं जास्त आत. पुन्हा कापलं. हा खेळ जानेवारीभर चालला. फेब्रुवारीत अंगठ्याची कड लाल झाली, सुजली. रात्री अंगावरची चादर अंगठ्याला लागली तरी जाग यायची. लोकलमध्ये एकीची टाच त्यावर पडली, तेव्हा मी चारशे बायकांसमोर रडले.

या काळात मिळालेल्या सल्ल्यांचं एक पुस्तक निघेल. आजीने फोनवर सांगितलं, ‘नखुरडं झालंय तुला, लिंबू कापून त्यात अंगठा खुपसून बस.’ बसले. गार वाटलं, घरभर लिंबाचा वास आला, नख जिथे होतं तिथेच राहिलं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, नखाच्या मधोमध इंग्रजी व्ही सारखी खाच पाड, म्हणजे नख मधे भरून यायला बघतं आणि कडा आपोआप आत ओढल्या जातात. ऐकायला किती लॉजिकल! तेही केलं. आणि मेडिकलवाल्याने काउंटरवरूनच अँटिबायोटिकची स्ट्रिप दिली. पाच दिवस ठणका कमी. सहाव्या दिवशी पुन्हा हजर.

डॉक्टरकडे का नाही गेले? खरं कारण सांगते, लाज वाटली. रजा काढायची आणि सांगायचं काय, ‘नख दुखतंय’?

कुसळ

तर मोलगीचा बाजार. गर्दीत कुणाचा तरी पाय माझ्या बुटावर पडला. ज्याचा पडला त्याच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. बूट काढला तर मोज्यावर पू आणि रक्ताचा डाग. मित्राने कॅमेरा गळ्यात अडकवला, माझा दंड धरला आणि विचारत विचारत मला दवाखान्यात नेऊन बसवलं.

बाकावर माझ्या आधी एक आजी आणि त्यांचा नातू बसले होते. नातू आश्रमशाळेत शिकणारा, बारा-तेरा वर्षांचा. त्याच्या मांडीवर काळ्या बुटांचा जोड आणि डाव्या अंगठ्याला फडकं. मी माझा पाय पुढे केला, त्याने त्याचा केला. दोघांचंही तेच दुखणं! तो आधी लाजला, मग फसकन हसला. त्याच्या आजींना मराठी फारसं येत नव्हतं, मला भिली अजिबात नाही. सिस्टर दोन्हीकडचं सांगत होत्या. पाड्यावर असताना हा पोरगा बहुतेक अनवाणीच असायचा. शाळेत बूट आले. ते गेल्या वर्षीचे, पाय या वर्षीचा. वाढत्या वयाचं पोर, बोटं आत मुडपून बूट घालत राहिलं. माझ्या अंगठ्याला सेलने मारलं, त्याच्या अंगठ्याला वाढत्या उंचीने.

डॉक्टर माझ्याच वयाचा निघाला. लातूरकडचा, बॉण्डवर आलेला. त्याने आधी अंगठ्याला हातच लावला नाही. दोन प्रश्न विचारले. ‘शुगर आहे का?’ आणि ‘सिकलसेलची तपासणी कधी केलीय का?’ दुसरा प्रश्न मला पुण्यात कुणी विचारला नसता. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे पेशंट पुष्कळ आहेत. अशा पेशंटला साधं इन्फेक्शनही महागात पडू शकतं, आणि बोटाच्या छोट्या ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला बुडाशी रबर आवळतात, तेही त्यांच्या बाबतीत जपूनच करावं लागतं. त्यामुळे इथे नखाआधी रक्ताचा विचार.

पहिल्या प्रश्नावर मात्र माझी जीभ अडखळली.

‘मला नाही. बाबांना आहे,’ मी म्हणाले.

माझ्या बाबांच्या उजव्या पायाला अंगठा नाही. २०१९ साली काढावा लागला. तेव्हा त्यांना डायबेटिस होऊन चौदा वर्षं झाली होती. चुलतभावाच्या लग्नात नवे बूट घातले, नखाचा कोपरा रुतला, तो त्यांनी दाढीच्या ब्लेडने स्वतःच कापला. दुखलं नाही. ‘दुखत नाही म्हणजे बरं आहे’, असा आमचा सगळ्यांचा समज. पायांतल्या नसा डायबेटिसने आधीच बधिर केल्या होत्या, म्हणून दुखलं नव्हतं. आईच्या लक्षात आलं तेव्हा मोज्याला वास येत होता आणि बोट काळं पडत चाललं होतं. पायाला रक्त धड पोचत नसेल तर एवढीशी जखमसुद्धा भरत नाही. ऑपरेशननंतर बाबा म्हणाले, ‘चला, एक नख कापायचं वाचलं.’ ते हसले, आम्ही नाही.

हे सगळं डोळ्यांनी पाहिलेली मी तीन महिने नेलकटर घेऊन माझा अंगठा कोरत होते. डॉक्टरला हे सांगितल्यावर त्याने नुसती मान डोलवली. ग्लुकोमीटरने माझी शुगर बघितली. नॉर्मल. मग म्हणाला, ‘आता अंगठा दाखवा.’

त्याने समजावलं ते मी तिथेच डायरीत लिहून घेतलं. नख मांसात वाढत नाही, मांस नखावर चढतं. आपण कोपरा गोल कापतो तेव्हा नखाची पुढची कड कातडीच्या खाली जाते. कितीही नीट कापलं तरी आत, जिथे कटर पोचत नाही तिथे, एक बारीक टोकदार काटा राहून जातो. नख पुढे सरकतं तसा हा काटा मऊ कातडीत घुसतो. त्यात बूट बाजूने दाबतो. घामाने कातडी ओली, मऊ पडलेली असतेच. कातडी फाटली की शरीर त्या काट्याला परका समजतं. पायात कुसळ घुसल्यावर जे होतं तेच. आधी लाली, सूज आणि ठणका. मग पू. आणि तरीही दुर्लक्ष केलं तर कडेने लाल, ओलसर फाजील मांस वाढायला लागतं, जरा धक्का लागला की ते भळभळतं.

‘कुसळ आत आहे तोवर गोळ्या खाऊन काय होणार?’ तो म्हणाला. म्हणजे माझी ती मेडिकलवाल्याची स्ट्रिप? दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! इन्फेक्शन पायभर पसरत असेल, ताप असेल, पेशंट डायबेटिक असेल, तर अँटिबायोटिकला अर्थ आहे, तेही डॉक्टरने सांगितल्यावर. एरवी काटा काढला की पू आपोआप आटतो. आणि ती मधोमध पाडलेली खाच? त्याला हसू आवरेना. नख वाढतं ते मुळापासून, कातडीखालून. पुढच्या टोकाला तुम्ही व्ही काढा नाहीतर रांगोळी, मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही.

सलाइनची नळी

आधी पोराचा नंबर लागला, आणि ते मी मुद्दाम बघितलं. त्याचं प्रकरण पहिल्याच पायरीवर होतं, सूज होती, पू नव्हता. सिस्टरनी कोमट पाण्याच्या घमेल्यात त्याचा पाय पंधरा मिनिटं बुडवून ठेवला. मग डॉक्टरने स्वच्छ कापसाची अगदी बारीक वात वळली, नखाचा कोपरा अलगद उचलला आणि वात खाली सरकवली. म्हणजे नख आणि मांस यांच्यामध्ये एक गादी झाली. नख या गादीवरून पुढे वाढत कातडीच्या बाहेर यायचं. वर चिकटपट्टी, पण तीही डोकं लावून. पट्टीचं एक टोक सुजलेल्या कडेवर, नखाला अगदी लागून, आणि मग पट्टी ओढून अंगठ्याच्या खालून तिरकी गुंडाळलेली. त्यामुळे कडेचं मांस नखापासून मागे ओढलं जातं. झालं! दिवसातून तीनदा कोमट पाण्यात पाय बुडवायचा, नीट कोरडा करायचा, वात रोज बदलायची. आणि हे बूट बंद. शाळेत काही म्हणाले तर? डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली.

पोराने सिस्टरना काहीतरी विचारलं. त्याचे काका होळीची पालनी करत होते. म्हणजे व्रत. पालनी करणारे होळीपर्यंत बरेच नियम पाळतात, अनवाणी राहतात, आणि मग बावा, बुध्या, मोरखी अशी सोंगं घेऊन, कमरेला घुंगरं-भोपळे बांधून, डोक्याला मोरपिसांचे टोप घालून रात्रभर नाचतात. याला त्यांच्याबरोबर काठीला जायचं होतं. जाऊ का? डॉक्टरने जरा विचार केला. अनवाणी चाललास तर नखाला बरंच आहे म्हणाला, पण जखमेत माती गेली तर? शेवटी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, फडकं नीट बांधून घ्यायला सांगितलं, आणि होळी झाली की लगेच दाखवायला यायचं कबूल करून घेतलं. आजींनी मान हलवली. त्या कुठून चालत आल्या होत्या हे मी विचारलं. सिस्टरनी हाताने डोंगराकडे दाखवलं आणि मग त्याच्या मागच्या डोंगराकडे.

माझं काम कापसावर भागणारं नव्हतं. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी भुलीची इंजेक्शनं दिली. खोटं कशाला बोलू, ती दुखतात. सगळ्या प्रकरणात खरं दुखतं ते तेवढंच. पाच-सात मिनिटांनी अंगठा माझा राहिलाच नाही. मग त्याने कड उचलली आणि चिमट्याने तो काटा काढून गॉझवर ठेवला. तीन महिन्यांचा माझा खलनायक तांदळाच्या कणीएवढाही नव्हता!

पुढचं मला सगळ्यात आवडलं. त्याने सलाइनच्या नव्या, निर्जंतुक नळीचा छोटा तुकडा घेतला, लांबीला उभा चिरला, एक टोक तिरकं कापलं आणि नखाच्या कडेवर म्यानासारखा सरकवून बसवला. आता नखाची धार नळीच्या आत, मांस नळीच्या बाहेर. दोघांची गाठच पडायला नको. नळी जागची हलू नये म्हणून एक टाका. ही त्याची मोलगीतली आयडिया असेल असं मला वाटलं होतं, पण नाही, ही मान्यताप्राप्त पद्धत आहे, वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. मोठ्या शहरात मात्र पेशंटला ती सहसा ऑफर होत नसावी. निदान माझ्या ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी ‘नखाचं’ केलं, त्यांचं आख्खं नख उपटलं होतं.

या उपटण्याबद्दल जरा बोलायला हवं. पूर्ण नख काढलं की पेशंटला वाटतं, किटकिट संपली. पण मूळ तसंच असतं. नवीन नख यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, कारण पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. मधल्या काळात पुढचं मांस मोकळं सुटून वर येतं आणि नवं नख त्याच्यावरच येऊन आदळतं. अनेकांचं पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ज्यांचं नख वारंवार रुततं त्यांच्यासाठी त्यापेक्षा चांगला उपाय आहे. रुतणाऱ्या बाजूची फक्त एक बारीक उभी पट्टी काढायची आणि तेवढ्याच भागाचं मूळ फिनॉल लावून कायमचं बंद करायचं. फिनॉलची ही पद्धत ओट्टो बोल याने १९४५ साली मांडली आणि ती आजही वापरात आहे. नख किंचित अरुंद होतं, नेलपॉलिश लावल्यावर कुणाला कळतही नाही. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने यावरच्या उपलब्ध चाचण्या एकत्र करून तपासल्या, तेव्हा ऑपरेशन केलेल्यांमध्ये नख पुन्हा रुतण्याचं प्रमाण बिनऑपरेशनच्या उपायांपेक्षा कमी दिसलं. तेव्हा सर्जनने ‘नख काढू या’ म्हटलं, तर एवढंच विचारा, ‘सगळं की कडेची पट्टी? आणि मुळाचं काय?’

पायांचा बाजार

दवाखान्यातून निघाले ते एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात बँडेज घालून. बाजारातच बिनपट्ट्यांची, पुढून मोकळी, सगळ्यात स्वस्त रबरी चप्पल घेतली. उरलेली दुपार मी एका चहाच्या टपरीवर पाय वर करून काढली आणि ढोलांऐवजी पाय बघत बसले. पत्रकारितेच्या कोर्समध्ये ‘ऑब्झर्वेशन’ नावाचा पेपर होता, त्यात मला कधी साठच्या वर मार्क पडले नव्हते. त्या दिवशी पडले असते.

अनवाणी चाललेल्या माणसांचे पाय पुढे पंख्यासारखे पसरलेले असतात. अंगठा सरळ, बाकीच्या बोटांपासून जरा सुटा. माझ्या पायाची पाची बोटं मात्र एकमेकांना चिकटून, टोकाकडे निमुळती, बुटाच्या आकाराची. नख रुतणं हे मुख्यतः बूट घालणाऱ्यांचं दुखणं मानलं जातं, हे डॉक्टरने सांगितलं होतंच, ते समोर दिसत होतं. अर्थात अनवाणी पायांची म्हणून आपली वेगळी दुखणी असतात. भेगा, काटे, ठेचा, विंचू. गरिबीचं कौतुक करायचा माझा इरादा नाही. त्या आजींना चांगल्या चपला मिळाव्यात असंच मला वाटतं. फक्त त्या पुढून रुंद असाव्यात.

याच डोंगरात अस्तंबा आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमाराला तरुणांचे जथेच्या जथे तिथे चढतात. तो अश्वत्थाम्याचा डोंगर. कपाळावरची न भरणारी जखम घेऊन तो इथेच फिरतो, वाटेत भेटेल त्याच्याकडे तेल मागतो, अशी कथा आहे. माझ्या मित्राने ती कथा ऐकली आणि पुढचे तीन दिवस मला अश्वत्थामाच म्हणत होता. पण ट्रेकर्सनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. नखाचं वाटोळं होतं ते चढताना नाही, उतरताना. उतारावर प्रत्येक पावलाला पाय पुढे घसरतो आणि अंगठा बुटाच्या नाकावर आपटतो. उतरायच्या आधी थांबा, टाच मागे दाबून बसवा आणि लेस घोट्याजवळ करकचून बांधा. आणि ट्रेकच्या आदल्या रात्री नखं कापू नका, तीन-चार दिवस आधी कापा.

काठीची होळी मी त्या रबरी चपलेत, बसून पाहिली. रात्रभर हजारो अनवाणी पाय एका ठेक्यात जमिनीवर पडत होते, आणि पहाटे होळी पेटली. तो पोरगा दिसतोय का म्हणून मी बरंच शोधलं. त्या गर्दीत कसा दिसणार?

पुणे, सोमवार

परत आल्यावर माझ्या एका सर्जनला नळी दाखवली. त्यांनी कुणी बसवली ते विचारलं आणि ‘छान बसवलीय’ म्हणून तशीच ठेवली. नखाची कड कातडीच्या पुढे आल्यावर ती काढली. तोवर मी मीटिंग्जना पुढून उघड्या सॅण्डल्स घालून गेले. सांगायला आनंद होतो की एकाही क्लायंटने माझ्या पायांकडे बघितलं नाही.

ते काळे शूज मी देऊन टाकले नाहीत, ज्याला देईन त्याचं नुकसान. फेकले. नवे घेताना संध्याकाळी गेले, कारण दिवसभरात पाय थोडे सुजून मोठे होतात. सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. दोन्ही पायांत घालून उभी राहिले. बसून नाही, उभं राहिल्यावर पाय पसरतो. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा आहे का, ते दाबून बघितलं, आणि दोन्ही पायांत जो मोठा, त्याचा नंबर घेतला. सेल्समन वैतागला. वैतागू दे. पावसाळ्यात ऑफिसात चपलेचा एक जोड ठेवा आणि ओले बूट दिवसभर पायात वागवू नका, एवढं आपल्या मुंबई-पुण्याच्या हवेत पुरे.

आणि नख कापायचं कसं? आंघोळीनंतर, मऊ असताना, सरळ आडवं. कोपरे बोटाच्या गोलाईत वळवायचे नाहीत. दोन्ही कोपऱ्यांची टोकं कातडीच्या वर, डोळ्यांना दिसली पाहिजेत. टोक मोज्यात अडकत असेल तर कानसीने किंचित घासा, बस. हाताच्या नखांचं ते वाकड्या पात्याचं छोटं नेलकटर पायाला वापरू नका. सरळ पात्याचं मिळतं. हाताने नख ओढून तोडायची सवय असेल (डेडलाइनवाले सगळे, मी तुमच्याकडेच बघतेय!) तर ती आजच सोडा, कारण काटा त्यानेच राहतो. पार्लरमध्ये ‘कॉर्नर्स नको’ हे दोन शब्द पाय पाण्यात बुडवण्याआधी बोला. आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील आणि नखाची कड सुजली, तर स्किनच्या डॉक्टरला सांगा. त्या गोळ्यांनीही हे होऊ शकतं.

नुकतंच टोचायला लागलंय, लाली आहे, पू नाही, तब्येत बाकी ठणठणीत आहे, तर कोमट पाणी, कापसाची वात, मोकळी चप्पल आणि लागलीच तर पॅरासिटामॉल, एवढं घरी करून बघायला हरकत नाही. तीन-चार दिवसांत उतार पडला नाही किंवा पू दिसला, तर डॉक्टर. पण हे सगळं डायबेटिस असलेल्यांना लागू नाही. त्यांनी घरी काहीही करायचं नाही, कोमट पाणीसुद्धा नाही. पाणी किती गरम आहे हेच त्या पायांना कळत नाही आणि कातडी भाजून निघते. त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. दुखत नसेल तरी. दुखत नसेल तर जरा जास्तच घाईने.

महिन्यातून एका रविवारी मी नाशिकला जाते. बाबांची आंघोळ झाली की ते टॉवेल अंथरून पाय माझ्या मांडीवर देतात. मी चष्मा लावते, दिवा जवळ ओढते. नऊ नखं. आधी तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा बघून घ्यायच्या, कुठे लाल, कुठे फोड आहे का ते. मग सरळ पात्याचं कटर. मोलगीहून आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी माझं काम झाल्यावर बाबांनी कटर माझ्या हातातून काढून घेतलं.

‘तुझा पाय दे इकडे,’ म्हणाले. ‘बघू, कोपरा बाहेर आला का.’